तारा, सांधे आणि सिग्नल: ब्रिटनच्या रेल्वेतला ऑक्टोबर

रविवार: हीथ्रो ते इलफर्ड

२७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर पहिली गाडी धावली. त्याची द्विशताब्दी ब्रिटनने २०२५ मध्ये वर्षभर साजरी केली आणि त्याच ऑक्टोबरात माझं तिकडे जाणं झालं. वाफेची इंजिनं पाहायला पुष्कळ लोक जातात. मला चालू असलेलं काम पाहायचं होतं. माझी सगळी नोकरी मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात झाली. चालत्या रेल्वेत नवी यंत्रणा घुसवणं किती अवघड असतं, हे रात्रीच्या ब्लॉकमध्ये रुळांवर उभं राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. ज्या देशाने रेल्वे जगाला दिली, तो आपली इतकी जुनी रेल्वे नवी कशी करतो आहे, याचं कुतूहल मला कित्येक वर्षं होतं.

पुतण्या इलफर्डला राहतो. विमानतळावरून त्याच्या घरी जाताना एलिझाबेथ लाइनने लंडन पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडता येतं, आणि या एका प्रवासात तीन वेगवेगळ्या सिग्नल यंत्रणा भेटतात. हीथ्रोच्या बोगद्यात ईटीसीएस, म्हणजे युरोपभर वापरली जाणारी गाडी-नियंत्रण प्रणाली. शहराच्या पोटातल्या नव्या बोगद्यात मेट्रोला साजेशी, रेडिओवरून गाड्या हाकणारी सीबीटीसी. पूर्वेला उघड्यावर आलं की पुन्हा जुने रंगीत दिवे. गाडी एका यंत्रणेच्या हातातून दुसरीच्या हातात जाते आणि प्रवाशाला त्याचा पत्ताही लागत नाही. हा पत्ता न लागू देण्यासाठी अपार कष्ट पडले आहेत. ही लाइन डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायची होती, ती २४ मे २०२२ ला झाली. बोगदे खणणारी यंत्रं आपलं काम कधीच आटोपून गेली होती. उशिराच्या मोठ्या कारणांपैकी एक होतं ते गाडी, सिग्नल आणि त्यांच्यामधलं सॉफ्टवेअर एकमेकांशी जुळवण्याचं काम.

सोमवार: पॅडिंग्टन ते कार्डिफ

पॅडिंग्टन हे अभियंता ब्रुनेलचं स्टेशन, १८५४ सालचं. त्याच्या लोखंडी कमानींखाली हिताचीच्या हिरव्या गाड्या उभ्या असतात. १९७६ पासून याच मार्गावर ताशी १२५ मैलांनी धावणाऱ्या डिझेलच्या ‘इंटरसिटी १२५’ ची जागा या गाड्यांनी २०१७ पासून घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक डबा २६ मीटर लांब. छतावर वरच्या तारेतून वीज घेणारा पेंटोग्राफ आणि काही डब्यांच्या पोटाखाली डिझेल इंजिन.

विजेच्या गाडीला डिझेल इंजिन कशाला, हा प्रश्न माझ्यासारख्याला पडणारच. उत्तर तारांच्या इतिहासात आहे. जुलै २००९ मध्ये लंडनपासून स्वान्सीपर्यंत विद्युतीकरण जाहीर झालं. २०१४ मध्ये पश्चिमेकडच्या या मार्गाच्या तारांचा अंदाज १६० कोटी पौंड होता, वर्षभरात तो २८० कोटींवर गेला. मग कात्री लागली. नोव्हेंबर २०१६ मध्ये ऑक्सफर्ड आणि बाथमार्गे ब्रिस्टल पुढे ढकलले गेले. जुलै २०१७ मध्ये कार्डिफ ते स्वान्सी हा तुकडा रद्दच झाला. तारा मध्येच संपणार म्हटल्यावर ज्या गाड्या निव्वळ विजेवर चालायच्या होत्या, त्यांनाही डिझेल इंजिनं बसवावी लागली. आज ही गाडी तारांखालून २०० हून अधिक किलोमीटर आपली बंद इंजिनं सोबत वाहून नेते, कारण पुढे ती लागणार असतात.

रेडिंगनंतर थेम्स नदी डोंगरांच्या खिंडीतून जाते, तिथे गोरिंग गाव आहे. विद्युतीकरणाचे खांब आणि त्यांच्या जाड आडव्या तुळया पाहून इथले लोक खवळले होते. राखीव निसर्गसौंदर्याच्या प्रदेशात असलं लोखंड कोणी उभं केलं, असा त्यांचा सवाल होता. खिडकीतून पाहिल्यावर मला त्यांचा राग समजला. तुळया खरोखरच धिप्पाड आहेत. त्या तशा का केल्या, याची एक बाजू पुढे शुक्रवारी दिसली.

डिडकॉट गेल्यावर मी उठून दारापाशी उभा राहिलो, कारण स्टीव्हन्टनचा पूल पाहायचा होता. रुळांवरून जाणारा हा जुना रस्तापूल वारसा म्हणून संरक्षित आहे. जवळच रेल्वे फाटकं आहेत. फाटकावर तार उंच हवी, पुलाखाली ती खाली आणावी लागते. इतक्या थोड्या अंतरात तार एवढी उतरली-चढली की वेगात पेंटोग्राफ तिला चिकटून राहत नाही. म्हणून १२५ मैलांच्या मार्गावर गाड्यांना इथे ६० ची वेगमर्यादा घालावी लागली. रेल्वेला पूल पाडायचा होता, गावाला आणि स्थानिक परिषदेला तो हवा होता. शेवटी अभियंत्यांनी तार आणि पेंटोग्राफ यांचं वागणं संगणकावर पुन्हा मांडलं, चाचण्या घेतल्या आणि ११० मैल सुरक्षित असल्याचं सिद्ध केलं. पूल पाडण्याचा अर्ज मागे घेतला गेला. आमची गाडी त्याखालून डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निघून गेली. पण मला तो क्षण फार मोलाचा वाटला. अडचण तोडून टाकण्याआधी ती पुन्हा मोजून पाहणं, हे आमच्या धंद्यातलं सर्वात मोठं कौशल्य आहे.

मग सेव्हर्नचा बोगदा. नदीच्या खाडीखालून गेलेला, सात किलोमीटरचा, १८८६ सालचा. खणताना जमिनीखालचा एक प्रचंड झरा फुटला होता. तेव्हापासून आजतागायत सडब्रुकच्या पंपांनी दररोज कोट्यवधी लिटर पाणी उपसलं जातं. पंप थांबले तर बोगदा भरेल. अशा ओल्या जागी ताणलेल्या तारेऐवजी छताला अॅल्युमिनियमची ताठ पट्टी लावली. तरीही खाऱ्या दमटपणाने काही भाग गंजले आणि ते बदलावे लागले. २०२० च्या जानेवारीत कार्डिफपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या, पण बोगद्यातून त्या विजेवर जाऊ लागल्या जूनमध्ये. कोकण रेल्वेच्या बोगद्यांमधून पावसाळ्यात पाणी कसं झिरपतं हे मला माहीत आहे, आणि तिथेही २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झालं. त्यामुळे त्या काळोखात मी दोन्हीकडच्या कामगारांच्या गँगना मनातल्या मनात नमस्कार केला.

कार्डिफला गाडी थांबली. फलाटावर उतरून वाट पाहिली. स्वान्सीला निघताना पेंटोग्राफ खाली गेला आणि डब्यांखालची इंजिनं घरघरायला लागली. वाईट वाटलं.

मंगळवार: मर्थरची दरी आणि श्रूजबरी

२१ फेब्रुवारी १८०४ रोजी रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या इंजिनाने पेनिडॅरनच्या कारखान्यातून दहा टन लोखंड आणि सुमारे सत्तर माणसं ओढत अॅबरकननपर्यंत नेली. रुळांवरून वाफेच्या इंजिनाने ओझं ओढल्याचा तो पहिला नोंदलेला प्रवास. कार्डिफहून मर्थर टिडफिलला जाणारी आजची लाइन त्याच दरीतून चढते, आणि ब्रिटनमधलं सर्वात धाडसी विद्युतीकरण मला तिथेच सापडलं.

या दऱ्यांमधले मार्ग वेल्सच्या सरकारी वाहतूक संस्थेने २०२० मध्ये आपल्या ताब्यात घेतले. कोळशाच्या काळातल्या या लाइनवर पावलोपावली बुटके पूल आहेत. तारांसाठी प्रत्येक पूल उचलायचा किंवा नवा बांधायचा म्हटलं, तर पैसे तिथेच संपले असते. म्हणून त्यांनी ठरवलं की अशा पुलाखालचा तारेचा तुकडा कायमचा मृत ठेवायचा. श्टाडलरच्या नव्या गाड्यांमध्ये बॅटरी आहे, तेवढ्या अंतरात ती पुरते, आणि पुढे जिवंत तार आली की पुन्हा भरून निघते. नोव्हेंबर २०२४ पासून या गाड्या प्रवासी घेऊन धावत आहेत. मी पुलांखाली मुद्दाम कान देऊन बसलो. दिवे हलले नाहीत, ओढ कमी झाली नाही. समोरच्या आजीबाई विणकाम करत होत्या, त्यांच्या सुईचा ठेकासुद्धा चुकला नाही.

पश्चिमेकडच्या मुख्य मार्गावरचे अब्जावधी पौंड आणि इथली ही काटकसर, दोन्ही एकाच राजधानीच्या स्टेशनात येऊन मिळतात. माझं मत विचाराल तर पुढच्या तीस वर्षांचा रस्ता या दऱ्यांमधून जातो.

दुपारी सीमेवरच्या लाइनने उत्तरेला निघालो. हेरफर्ड, लेमस्टर अशी स्टेशनं मागे पडत गेली. खांबावर हलणाऱ्या आडव्या हाताचे जुने सिग्नल आणि लाकडी केबिनी दिसू लागल्या आणि मी खिडकीला चिकटलो.

श्रूजबरी स्टेशनच्या दक्षिण टोकाला, रुळांच्या त्रिकोणात, सेव्हर्न ब्रिज जंक्शनची केबिन उभी आहे. १९०३ ची, सांधे आणि सिग्नल हाताने ओढायच्या १८० खटक्यांची फ्रेम असलेली. चालू असलेल्या यांत्रिक सिग्नल केबिनींमध्ये जगात सर्वात मोठी. आत जाता येत नाही. फलाटाच्या टोकाला उभं राहिलं की काचेआडचा माणूस दिसतो. तो कापड हातात घेऊन खटका धरतो, अंग मागे टाकतो, आणि दूरवर सिग्नल पडतो. खटक्यांखालचं इंटरलॉकिंग म्हणजे लोखंडी पट्ट्यांमध्ये कोरलेलं तर्कशास्त्र. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा एक सांधा चुकीचा असेल तर त्याच्या विरोधातला सिग्नल ओढता येणारच नाही. आजचे संगणक हेच काम करतात, नियमही तेच. अंधार पडेपर्यंत मी तिथे उभा होतो. पुतण्याने फोन करून विचारलं, “काका, जेवलात का?” तेव्हा आठवलं.

बुधवार: केंब्रियन लाइन

त्या केबिनीच्या नजरेतून निघालेली अॅबरिस्टविथची गाडी थोड्याच अंतरावर ब्रिटनच्या सर्वात नव्या सिग्नल पद्धतीत शिरते. एकशे आठ वर्षांचं अंतर काही मिनिटांत पार होतं! हा प्रवास मी या दौऱ्याचा कळस म्हणूनच ठरवला होता.

केंब्रियन लाइन एकेरी आहे, जवळजवळ सगळी. मेंढ्यांची कुरणं, छोटी गावं, शेवटी समुद्र. २०११ पासून इथे रुळांशेजारी रंगीत दिव्यांचे सिग्नल नाहीत. निळ्या पाटीवर पिवळा बाण दिसतो, तेवढाच. बाकी सगळं चालकाच्या समोरच्या पडद्यावर. रुळांमध्ये बसवलेल्या बलीज नावाच्या खूणठोकळ्यांवरून गाडीला आपण कुठे आहोत ते कळतं, रेडिओवरून ती ते मखन्लेथच्या नियंत्रण कक्षाला कळवते, आणि तिथून परवानगी येते: अमुक ठिकाणापर्यंत, अमुक वेगाने. चालक त्यापुढे जाऊ लागला तर गाडी स्वतः ब्रेक लावते. आपल्याकडचं ‘कवच’ याच कुळातलं. ब्रिटनमध्ये ईटीसीएसचा पहिला प्रयोग करायला हीच लाइन निवडली, कारण ती एकाकी आहे, गाड्या थोड्या आहेत, चूक झाली तर मुख्य जाळं अडकत नाही. निवड बरोबर होती.

पण या लाइनचा सिग्नलशी संबंध त्याहून जुना आणि दुःखाचा आहे. वेल्शपूल आणि न्यूटाउन यांच्या मध्ये अॅबरम्यूल नावाचं स्टेशन होतं. आता गाडी तिथे थांबत नाही. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांमधल्या खंडाचं टोकन ज्याच्या हाती त्याचीच गाडी, हा नियम इथेही होता. २६ जानेवारी १९२१ रोजी थांबत जाणारी एक गाडी मागच्या खंडाचं टोकन घेऊन स्टेशनात आली. स्टेशनवाल्यांनी ते घेतलं आणि हातोहाती फिरून तेच टोकन त्याच चालकाला पुढच्या खंडाचं म्हणून परत दिलं. त्यावर कोरलेलं नाव कोणी वाचलं नाही. समोरून एक्सप्रेस येत होती. सतरा माणसं गेली, त्यात त्या रेल्वे कंपनीचा एक संचालकही होता. एकेरी मार्गावर नोकरी केलेल्या प्रत्येकाला टोकन वाचून घ्यायला का शिकवतात, त्याचं उत्तर अशा अपघातांमध्ये आहे. अॅबरम्यूलच्या जागेवरून गाडी जाताना मी उभा राहिलो.

आता टोकन रेडिओवरून येतं. म्हणून धोका संपला का? १९ ऑक्टोबर २०१७ च्या संध्याकाळी याच जाळ्यात संगणक पुन्हा सुरू झाला आणि तात्पुरत्या वेगमर्यादांची माहिती त्यातून गळून पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावरच्या शाखेवर जिथे ताशी ३० किलोमीटर हवे होते तिथून गाडी सुमारे ८० ने गेली. नियंत्रकाच्या पडद्यावर मात्र सगळं जागेवर दिसत होतं. आपल्या पडद्यावर मर्यादा दिसत नाही, हे लक्षात आलं ते एका चालकाच्या. कोणालाही इजा झाली नाही, म्हणून ही घटना फार थोड्यांना माहीत आहे. आमच्या खात्यातल्या प्रत्येक तरुणाने तिचा अहवाल वाचावा असं मला मनापासून वाटतं.

कॅर्सूसनंतर चढ लागतो आणि टॅलेर्दिगचा कातळ येतो. खडक फोडून काढलेली ही खोल खिंड १८६० च्या दशकातली. समोरासमोरच्या गाड्या इथे एकमेकींना ओलांडतात, त्या जागेजवळ २१ ऑक्टोबर २०२४ ला संध्याकाळी दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि एका प्रवाशाचा जीव गेला. सिग्नलने दिलेली परवानगी योग्य होती. चालकाने ब्रेक लावला होता. पण पानगळीच्या दिवसांत रूळ निसरडे होते, चाकांखाली वाळू टाकणाऱ्या नळ्या तुंबल्या होत्या, आणि गाडी थांबायच्या जागेवरून घसरत पुढे एकेरी मार्गावर गेली. मी गेलो तेही पानगळीचेच दिवस. खिंडीतली झाडं पिवळी झाली होती. चालकाने उतारावर फार आधीपासून, अगदी हळुवार ब्रेक लावला, ते पायांना जाणवलं.

मखन्लेथला गाडीचे दोन भाग होतात, एक किनाऱ्याने पुलथेलीला जातो. मी अॅबरिस्टविथला जाऊन समुद्रावर चहा घेतला आणि परतलो.

गुरुवार: पेनाइन्स ओलांडून यॉर्क

मँचेस्टर ते यॉर्क हा उत्तर इंग्लंडचा कणा. तिथे सुमारे ११ अब्ज पौंडांचं नूतनीकरण चालू आहे: पूर्ण मार्गावर तारा, नवे सिग्नल, आणि हडर्सफील्डच्या पुढे आठ मैलांत दोनाचे चार रूळ. मँचेस्टरहून स्टॅलीब्रिजपर्यंत तारा लागल्या आहेत. पलीकडे यॉर्कच्या बाजूनेही लागल्या आहेत. मधला डोंगर बाकी आहे. १८९४ च्या स्टँडएज बोगद्यातून आमची गाडी डिझेलवरच गेली.

हडर्सफील्डला उतरलो. स्टेशनचं तोंड एखाद्या ग्रीक मंदिराचं, खांबांच्या ओळी, पुढे चौकात पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांचा पुतळा. आत क्रेन आणि नारिंगी अंगरखे. ऑगस्टच्या अखेरीपासून हे स्टेशन महिनाभर बंद ठेवून फलाट आणि रूळ नव्याने मांडले होते. आपल्या रविवारच्या मेगाब्लॉकला कंटाळणाऱ्यांना सांगतो, इथे तीस दिवसांचा ब्लॉक होता, आणि त्याची तारीख प्रवाशांना फार आधीपासून ठाऊक होती.

या कामाचा प्रवास मात्र पाहवत नाही. तारांची घोषणा २०११ मध्ये, जून २०१५ मध्ये काम ‘स्थगित’, सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू. शेजारच्या मिडलँड मार्गावर तर २०१२ मध्ये घोषणा, २०१७ मध्ये रद्द, २०२१ मध्ये पुन्हा जिवंत, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात लेस्टरजवळ विगस्टनला पुन्हा थांबवलं. दर वेळी काय होतं ते मी जाणतो. खांब रोवणाऱ्या टोळ्या पांगतात, तारा ताणणारे कसबी लोक दुसरं काम शोधतात, यंत्रं यार्डात गंजतात. पुन्हा सुरू करताना सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं, आणि मग अंदाज दुप्पट झाला म्हणून मंत्री ओरडतात. १९९० च्या दशकात खासगीकरण झाल्यावर ब्रिटनमध्ये जवळजवळ पंधरा वर्षं मोठं विद्युतीकरण झालंच नाही. सोमवारी पाहिलेल्या मार्गाचा खर्च फुगला त्यामागे हे मोठं कारण आहे. स्कॉटलंडने एकामागून एक छोटे मार्ग घेत राहून आपली माणसं टिकवली. ब्रिटनच्या मार्गांपैकी आजही ४० टक्क्यांहून कमी विद्युतीकृत आहेत, आणि आपल्या ब्रॉडगेजचं काम जवळजवळ पूर्ण झालं. आपल्याकडे हे झालं, कारण कोणी मध्येच थांबवलं नाही.

शुक्रवार: पूर्व किनाऱ्याने लंडन

यॉर्क स्टेशनाजवळच्या नियंत्रण केंद्राची इमारत बाहेरूनच पाहिली. देशभरातल्या आठशेहून अधिक केबिनींचं काम अशा मोजक्या केंद्रांत आणायची योजना होती. श्रूजबरीच्या त्या खटकेवाल्याची आठवण झाली. त्याचं काम जाणार, हे खरं आहे आणि ते व्हायलाही हवं. पण त्याला जे कळतं ते लिहून घेऊन मग ते काम जावं.

दक्षिणेकडे जाताना गोरिंगच्या धिप्पाड तुळयांची आठवण झाली. हा मार्ग ब्रिटिश रेलने १९८० च्या दशकात विद्युतीकृत केला आणि १९९१ मध्ये एडिनबरोपर्यंत वीज नेली. पैसे थोडे होते. म्हणून पुष्कळ ठिकाणी दोन खांबांमध्ये आडव्या तारा ताणून त्यांवरच चारही रुळांच्या तारा टांगल्या. दिसायला नाजूक, छान. पण वादळात एका रुळावर पेंटोग्राफ अडकला की आडवी तार तुटते आणि चारही रूळ एकदम बंद. पश्चिमेकडच्या जाड तुळईवर प्रत्येक रूळ स्वतंत्र आहे. गोरिंगकरांना ती डोळ्यांत खुपते, पण मी तुळईच्या बाजूचा आहे.

ग्रँथमच्या दक्षिणेला स्टोक बोगदा. याच उतारावर ३ जुलै १९३८ रोजी ‘मॅलार्ड’ने वाफेच्या इंजिनाचा १२६ मैलांचा विक्रम केला. इथपासून किंग्ज क्रॉसपर्यंत रुळांशेजारचे सिग्नल काढून केंब्रियनवरची पद्धत आणायचं काम चालू आहे. एकाकी डोंगरी लाइनवर शिकलेलं आता देशाच्या सर्वात व्यग्र मार्गांपैकी एकावर येतं आहे. वेलिनच्या १८५० च्या पुलावर चार रुळांचे दोन होतात, गाड्या तिथे तुंबतात. सिग्नलमधून आणखी काही मिनिटं काढता आली तर ती अशाच जागी कामाची.

संध्याकाळी मूरगेटला गेलो, कारण हे काम तिथे पूर्ण झालं आहे. मूरगेट ते फिन्सबरी पार्क ही १९०४ ची बोगद्यातली लाइन. २८ फेब्रुवारी १९७५ च्या सकाळी इथे एक गाडी ब्रेक न लावता शेवटच्या भिंतीवर आदळली, ४३ जण गेले. कारण कधीच कळलं नाही. त्यानंतर लंडनच्या भुयारी रेल्वेत बंद टोकाच्या फलाटांवर गाडीचा वेग आपोआप रोखणारी यंत्रणा आली. २०२५ मध्ये याच लाइनवरचे रंगीत दिवे काढले गेले आणि फक्त चालकाच्या पडद्यावर चालणारी ही ब्रिटनमधली पहिली उपनगरी लाइन झाली.

ड्रेटन पार्कला गाडी उजेडात आली आणि थांबली. बोगद्यात ती बाजूच्या तिसऱ्या रुळावरून ७५० व्होल्ट डीसी घेते, इथे पेंटोग्राफ वर करून २५ हजार व्होल्ट एसी घेऊ लागते. मुंबईत डीसीचं एसी होत असताना आपल्या लोकल चालत्या गाडीत हा बदल करत असत, ते काम २०१६ मध्ये संपलं. इथे १९७६ पासून दोन्ही नांदत आहेत.

दिवे काढायचे तर त्या मार्गावर येणारी प्रत्येक गाडी सज्ज हवी. मालगाड्यांची इंजिनं, रूळ तपासणारी यंत्रं, सगळी. २००८ मध्ये नव्याने बांधलेल्या ‘टॉर्नेडो’ या वाफेच्या इंजिनातही ईटीसीएस बसवायला घेतलं आहे. पुतण्याला हे खरं वाटेना. “काका, कोळशाच्या इंजिनात संगणक?” मी म्हटलं, एकेरी मार्गावर वाफेचं इंजिन आहे म्हणून टोकन कोणी माफ केलं होतं का? फिन्सबरी पार्कला खिडकीबाहेर हिरवे-पिवळे दिवे पुन्हा सुरू झाले. तिथून उत्तरेकडचं काम अजून व्हायचं आहे, आणि त्यात पहिला हिस्सा वेलिन ते हिचिन.